जागा द्या, ताबा सोडा: सार्वजनिक रुग्णालयांच्या नियामक मंडळांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात एखादा पडीक तुकडा बहुधा असतोच. कधी तो बंद पडलेला वॉर्ड असतो, कधी परिचारिकांची मोडकळीला आलेली वसाहत, कधी नुसतंच वाहनतळ. त्याचं काय करायचं हा प्रश्न तुमच्या विषयपत्रिकेवर येतो, पुढच्या बैठकीवर ढकलला जातो आणि पुन्हा येतो. अलीकडे काही रुग्णालयांनी अशा जागेवर घरं उभी केली आहेत. राहायला ठिकाण नाही म्हणून जे रुग्ण पुन्हा पुन्हा दाखल होतात, त्यांच्यासाठी ही घरं आहेत. भाडं परवडणारं, मुक्काम कायमचा, आणि मदतीला माणसं हाकेच्या अंतरावर. तुमच्या मनात असं काही असेल तर ते जरूर पुढे न्या, पण नेताना एका बाबतीत फार सावध राहा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी केली आहे. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक शोधणं, पत्ता मिळवणं आणि दोन्ही मिळालं नाही तर कुठल्या तरी निवाऱ्यात एक खाट मागणं, हे आमचं काम. पत्त्याचा रकाना कोरा राहिला की पुढचे सगळे उपचार कागदावरच राहतात, हे आमच्याइतकं जवळून कुणी पाहत नसेल.

हृदय कमजोर झालेल्या रुग्णाला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात. ज्याला दिवसभरात वापरायला शौचालयच नाही, तो त्या गोळ्या घेत नाही. त्याला त्या कळत नाहीत असं नाही, चांगल्या कळतात, म्हणूनच तो घेत नाही. मग पाय सुजतात, धाप लागते आणि माणूस पुन्हा कॅज्युअल्टीत येतो. केसपेपरवर आपण लिहितो, 'औषधे अनियमित'. इन्सुलिनचा साठा थंड ठेवावा लागतो. ऑक्सिजनच्या यंत्राला वीज लागते. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग कोरडं राहावं लागतं. डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून तीनदा लागतं, आणि ते करून आल्यावर माणसाला आडवं व्हायला जागा हवी असते. आपण लिहून दिलेल्या जवळजवळ प्रत्येक औषधामागे एक घर गृहीत धरलेलं असतं.

याची दुसरी बाजू वॉर्डातली. रुग्ण बरा आहे, डॉक्टरांनी सही केली आहे, पण जायला ठिकाण नाही. मग 'बेड अडकलाय' अशी कुजबुज सुरू होते. सिस्टरांना राग त्या माणसाचा नसतो, खाली स्ट्रेचरवर ताटकळलेल्या दुसऱ्या माणसाची त्यांना काळजी असते. शेवटी कुणीतरी एक दुपार निवडतं आणि अडकलेला बेड मोकळा होतो. तो कसा झाला, हे बैठकीत विचारलं जात नाही.

कायद्यांनी हे ओळखलं आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून, बेघर झालेला किंवा होऊ घातलेला रुग्ण लक्षात आला तर त्याच्या संमतीने स्थानिक गृहनिर्माण अधिकाऱ्यांना कळवणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम १९ सांगतं की, निव्वळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येणार नाही. त्याच कायद्यात आधारासह निवासाची तरतूद करण्याची जबाबदारीही सरकारवर टाकलेली आहे. वाचायला उत्तम. पण संध्याकाळी पाच वाजता, डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कलम दाखवून भागत नाही.

टोरांटोत २०२४ साली जे झालं ते म्हणूनच नीट बघण्यासारखं आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्क या रुग्णालय-समूहाने पार्कडेल भागातली आपली जागा घरांसाठी दिली. कारखान्यात तयार केलेले भाग जोडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली. नाव डन हाउस, घरं ५१. महापालिका आणि युनायटेड वे ही संस्था भागीदार, बांधकामाला सरकारी निधी. रोजचा कारभार मात्र रुग्णालयाकडे नाही. बेघरांसोबत अनेक वर्षं काम करणारी फ्रेड व्हिक्टर ही संस्था तो पाहते. रुग्णालयाची माणसं तिथे उपचारांपुरती असतात. रुग्णालयाने जमीन दिली, पण घरमालकाची खुर्ची दुसऱ्याला दिली. पत्राच्या शीर्षकात मी जे लिहिलं आहे, त्याचा मथितार्थ एवढाच. पण त्याच्या तपशिलात जाण्याआधी पैशांचं बोलायला हवं, कारण बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार.

अशा प्रकल्पांचे प्रस्ताव नेहमी एकाच आश्वासनावर उभे असतात: हे रुग्ण आपल्याला फार महाग पडतात, त्यांना घर दिलं की पैसे वाचतील. माझी विनंती आहे की प्रस्ताव या पायावर उभारू नका. तो पाया भुसभुशीत आहे.

उत्तेजन देणारे पुरावे आहेत, नाही असं नाही. शिकागोत एका सार्वजनिक आणि एका खासगी ना-नफा रुग्णालयात दीर्घ आजार असलेल्या चारशेच्या आसपास बेघर रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला डिस्चार्जनंतर आधी तात्पुरत्या विश्रांतीची सोय, मग कायमचं घर आणि साथीला केस मॅनेजर मिळाला. दुसऱ्या गटाला नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, १८ महिन्यांत पहिल्या गटाचं रुग्णालयात दाखल होणं २९ टक्क्यांनी आणि कॅज्युअल्टीत येणं २४ टक्क्यांनी कमी भरलं. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर लोकांवर 'ॲट होम' हा घर देण्याचा प्रयोग झाला. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्णवेळ घरात राहिलेल्यांचं प्रमाण घर मिळालेल्या गटात ६२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ३१. तिथला खर्चाचा हिशेब मात्र बारकाईने वाचावा लागतो. सर्वांत महागड्या दहा टक्के लोकांच्या बाबतीत घातलेल्या १० डॉलरमागे २१.७२ डॉलर वाचले. सगळ्यांची सरासरी काढली तर घातलेले १० डॉलर पुरते परत आले नाहीत.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानविषयक सल्लागार संस्थेने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि निष्कर्ष काढला की, अशा घरांमुळे लोक घरात टिकतात हे खरं, पण त्यांची तब्येत सुधारते किंवा आरोग्यावरचा खर्च घटतो याचा भक्कम पुरावा, एचआयव्हीबाधितांचा अपवाद सोडला तर, अजून मिळालेला नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या रुग्णांना डिस्चार्जनंतर घरोघरी जाऊन मदत करणारा एक कार्यक्रम फार गाजला होता. तो घर देण्याचा कार्यक्रम नव्हता, पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. ८०० रुग्णांवर त्याची शिस्तशीर चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मदत मिळालेल्यांत ६२.३ टक्के, न मिळालेल्यांत ६१.७ टक्के. म्हणजे फरक शून्य. ज्या घटीच्या आकड्यांवर तो गाजला होता, ते आधीचे आकडे का फसवे निघाले? कारण रुग्ण निवडले गेले ते त्यांच्या सर्वांत वाईट काळात. तसा काळ सरला की बऱ्याच जणांच्या फेऱ्या आपोआप कमी होतात, मग तुम्ही मदत करा वा न करा. तेव्हा 'आमच्याकडे येण्याआधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष' असा तक्ता तुमच्यासमोर आला तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, तुलनेला दुसरा गट कोणता होता?

आणि खरोखर वाचले, तरी पैसे हातात येतात कुणाच्या? बेड रिकामा झाला की तासाभरात त्यावर दुसरा रुग्ण येतो. रुग्णालयाचा खर्च होता तेवढाच राहतो, फक्त तो आता ज्याला बेडची गरज आहे त्याच्यावर होतो. ही मोठीच गोष्ट आहे, पण ती वर्षअखेरीच्या ताळेबंदात बचत म्हणून दिसणार नाही. जो प्रकल्प बचतीच्या नावाने सुरू होतो, तो बचत दिसली नाही म्हणून बंदही पडतो. त्यापेक्षा आधीच म्हणा की, माणसाला औषधाबरोबर ते घ्यायला जागा मिळावी म्हणून आम्ही हे करतोय, आणि त्याला पैसे लागतील.

ते पैसे कुठले, हा प्रश्न इमारतीपेक्षा अवघड. इमारतीला निधी मिळतो, कारण तिचं उद्घाटन करता येतं. रात्रपाळीला खाली बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराचं, बंद पडलेल्या लिफ्टचं, ढेकणांच्या फवारणीचं उद्घाटन होत नाही. अमेरिकेत मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना घर टिकवण्यासाठी लागणाऱ्या सेवांचे पैसे देऊ शकते, पण साधारण भाड्याचे देऊ शकत नाही. एका खात्याला भाडं देता येत नाही, दुसऱ्याला परिचारिका ठेवता येत नाही. दोन्ही खाती स्वतंत्रपणे अगदी बरोबर असतात आणि मधल्या मध्ये खोल्या रिकाम्या राहतात. ज्यांच्या गरजा फार मोठ्या आहेत, अशांसाठी साधारण दहा जणांमागे एक कर्मचारी असं प्रमाण धरणारी पथकं या क्षेत्रात गेली कित्येक वर्षं काम करत आहेत. तुमच्या प्रस्तावात हे प्रमाण पन्नासामागे एक असं असेल, तर त्याला आधाराची घरं म्हणू नका. ती नुसती स्वस्त घरं होतील, आणि तीही फार दिवस धड राहणार नाहीत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

रुग्णालयाला माणसं सांभाळायची सवय असते. भेटीच्या वेळा, दाराशी नोंदवही, रात्री दहाला दिवे बंद, कुणी न सांगता बाहेर गेलं तर शोधाशोध. वॉर्डात हे लागतंच. पण हीच शिस्त नकळत घरांत शिरते. सुरुवात सद्भावनेनेच होते: भाडेकरूंच्या सुरक्षिततेसाठी पाहुण्यांवर बंदी, प्रकृतीसाठी दारूबंदी, नियमितपणासाठी ओपीडीची हजेरी. वर्षभरात ती इमारत नवा वॉर्ड झालेली असते, फक्त इथल्या रुग्णाकडून भाडं घेतलं जातं. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'पाथवेज टू हाउसिंग' सुरू केलं, तेव्हा नेमकी हीच गाठ त्यांनी सोडवली. आधी व्यसन सोड, आधी औषधं घे, मग घर, हा क्रम त्यांनी उलटा केला. घर आधी, उपचारांची अट न घालता. उपचार घ्यायचे की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं. मदत करणाऱ्याने मात्र दार ठोठावत राहायचं.

तुमच्या करारात याचा अर्थ असा व्हायला हवा की, भाडेकरार त्या माणसाच्या नावाचा आणि इतर कुठल्याही भाडेकरूला जे कायदेशीर संरक्षण मिळतं तेच त्याला. ओपीडी चुकली, गोळ्या बंद केल्या, समुपदेशकाशी भांडण झालं, यातल्या कशानेही घर जाणार नाही. भाडं उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाइतकं, कॅनडाच्या प्रयोगात ते ३० टक्क्यांपर्यंत होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, घर खाली करून घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे आणि इंजेक्शन द्यायला जो येतो, ते दोघे एकाच संस्थेचे नोकर नसावेत. जिच्याशी खरं बोललं तर छप्पर जाऊ शकतं, अशा परिचारिकेला कुणी खरं सांगत नाही. पुन्हा प्यायला लागलो, हे तिला वेळेत कळलं नाही तर तिचा उपयोगच काय?

फायलींचंही तसंच. इमारत व्यवस्थापकाला नळ गळतोय हे कळायला हवं, भाडेकरूचं निदान कळायचं कारण नाही. एकाच संगणकावर दोन्ही ठेवण्याची सोय कुणीतरी सुचवेलच. नको म्हणा. माहिती इकडून तिकडे जायची तर त्या माणसाच्या लेखी संमतीने, आणि ती मागे घेण्याची मुभा ठेवून.

खोल्या कुणाला द्यायच्या, यावर भागीदारांत खटके उडणार हे धरून चाला. रुग्णालयाला आपले 'नेहमीचे' रुग्ण आधी हवे असतात. महापालिकेकडे वेगळी, लांबलचक यादी असते. दोघांच्याही बाजूने बोलता येतं. मला काळजी वाटते ती तिसऱ्याची: जो रुग्णालयात येतच नाही. एकदा अपमान झाला म्हणून ज्याने पायरी सोडली, जी बाई कॅज्युअल्टीत तासन् तास बसण्यापेक्षा ताप अंगावर काढते. तिच्या नावावर खर्च दिसत नाही, म्हणून ती कुठल्याच तक्त्यात वर येत नाही. फेऱ्यांच्या संख्येवर खोल्या वाटल्या तर जो जास्त दिसतो त्याला घर मिळेल. निम्म्या खोल्या तरी आजाराच्या गांभीर्यावर आणि रस्त्यावर काढलेल्या काळावर द्याव्यात, आणि निवड करणाऱ्या समितीत रस्त्यावर काम करणारी माणसं असावीत, असं मला वाटतं.

सगळ्यांना रुग्णालयाशेजारी राहायचं नसतं, हेही ध्यानात घ्या. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात काढलेल्या बाईला खिडकीतून तीच भिंत दिसावी, हा काही आधार झाला नाही. चेन्नईत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'द बॅनियन' या संस्थेने 'होम अगेन' या उपक्रमात वेगळी वाट धरली: सर्वसामान्य वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी एकत्र, आणि गरजेप्रमाणे सोबतीला कार्यकर्त्या. तिथे रुग्णालयाच्या जमिनीची गरजच नाही. म्हणून जागा आहे तर तिथेच सगळं बांधू, असं करू नका. काही घरं आवारात, काही गावात विखुरलेली, आणि निवड राहणाऱ्याची.

संख्येचा मोह हा आणखी एक. जमीन मोलाची असते म्हणून एका खोलीत दोन, मग चार खाटा टाकायचा आग्रह होईल. फिनलंडमधल्या हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेचा अडीचशे खाटांचा निवारा होता. तो मोडून २०१२ मध्ये तिथे ८१ स्वतंत्र सदनिका केल्या गेल्या. आकडा घटला, पण रोज रात्री खाट मिळवण्याची रांग संपली आणि राहणारा भाडेकरू झाला. दाराला आतून कडी, स्वतःचं न्हाणीघर, छोटा फ्रीज आणि चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा, यातलं काही कमी करून खोल्या वाढवू नयेत.

तुमचे कर्मचारी विरोध करतील. 'आम्हाला क्वार्टर्स नाहीत आणि यांना घरं?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देऊ नका. जमीन पुरत असेल तर कर्मचाऱ्यांची घरंही त्याच आराखड्यात घ्या. शेजारच्या वस्तीची भीती बहुतेक वेळा रात्रीच्या फोन नंबरने कमी होते: काही झालं तर कुणाला बोलवायचं आणि तो माणूस येतो का. सभा आणि माहितीपत्रकं त्यापुढे फिकी.

आणखी एक गोष्ट प्रस्तावांत कधी दिसत नाही. इथले भाडेकरू म्हातारे होतील, आणि रस्त्यावर काढलेल्या वर्षांमुळे लवकर होतील. काही जण तिथेच मरतील. आपल्या खोलीत मरू देण्याची तयारी आहे का, की शेवटच्या आठवड्यात पुन्हा वॉर्डात आणणार? वेदनाशामक उपचारांचं पथक खोलीपर्यंत जाईल, हे आजच करारात लिहून ठेवता येईल.

शेवटी, कागदावर काय हवं ते. जमीन विकू नका, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या आणि त्यात वापर बदलता येणार नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर वीस वर्षांनी तिथे डायग्नोस्टिक सेंटर दिसेल. सेवांच्या खर्चाची हमी इमारतीच्या मंजुरीबरोबरच घ्या, नंतर नाही. चालवणाऱ्या संस्थेच्या कारभारात भाडेकरूंचे प्रतिनिधी असू द्या, मताधिकारासह. आणि ती संस्था बुडाली, तिचा निधी आटला किंवा तुमचं तिच्याशी फाटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीत कोण येणार, पगार कोण देणार आणि भाडेकरार कुणाकडे जाणार, याचं नावानिशी उत्तर करारात असू द्या. सामंजस्य करारांत या कलमाच्या जागी सहसा 'परस्पर संमतीने ठरविण्यात येईल' असं लिहिलेलं असतं. ते वाक्य खोडून मगच सही करा, आणि सही झालेला करार जाहीर करा.

आपला नम्र,
रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातला एक माजी कर्मचारी